कदंबा नको, पायलट हवा : कमांडोंच्या चिमुकल्या हेलिकॉप्टरची गोष्ट

वास्कोत राहणाऱ्याला हेलिकॉप्टरचं अप्रूप उरत नाही. दाबोळीचा नौदल तळ, म्हणजे आयएनएस हंसा, डोक्यावरच असल्यासारखा. सकाळी चहा गाळताना चेतक जातं, दुपारी डोळा लागतो तेव्हा ध्रुव जातं. डिसेंबर २०२५मध्ये त्यात नव्या पाहुण्याची भर पडली. एमएच-६०आर सीहॉक या अमेरिकी हेलिकॉप्टरांचं 'ऑस्प्रेज' हे पथक हंसावर दाखल झालं. तेव्हापासून घरोघरी हेलिकॉप्टर या विषयावर तज्ज्ञ निपजले आहेत. आमच्या घरातला तज्ज्ञ म्हणजे माझा बारा वर्षांचा भाचा.

त्यानं परवा मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अंड्याच्या आकाराचं एक इवलंसं काळं हेलिकॉप्टर, दोन्ही बाजूंना फळ्या लावलेल्या, आणि त्या फळ्यांवर तीन-तीन सैनिक पाय खाली सोडून बसलेले, आपल्याकडे संध्याकाळी सोप्यावर बसतात तसे.

"मामा, हे बाहेर का बसलेत? आत जागा नाही?"

नाही. खरंच नाही. आणि तीच या यंत्राची खुबी आहे. त्याला उत्तर देता देता लक्षात आलं की हा प्रश्न बऱ्याच मोठ्यांनाही पडलेला आहे, म्हणून हा लेख.

मोठी बस आणि पायलट

गोव्याबाहेरच्या वाचकाला 'पायलट' म्हटलं की विमान आठवतं. आपल्याला पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल आठवते. भाडं घेऊन मागच्या सीटवर बसवणारा तो पायलट. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये पन्नास माणसं बसतील, पण ती तुम्हाला स्टँडवर सोडणार. पणजीच्या मळ्यातल्या किंवा मडगावच्या जुन्या बाजारातल्या एखाद्या बोळात, थेट दाराशी जायचं असेल तर पायलटच हवा. तो सामान नेणार नाही, पाऊस आला तर भिजवेल, पडलात तर लागेल. पण दाराशी सोडेल.

सैन्यातल्या मोठ्या हेलिकॉप्टरांचं काम कदंबासारखं. भाच्याच्या व्हिडिओतलं हेलिकॉप्टर म्हणजे पायलट. अमेरिकी सैन्यात त्याला 'लिटल बर्ड' म्हणतात. माणसं नेणाऱ्या प्रकाराचं नाव एमएच-६, बंदुका आणि रॉकेट लावलेल्या प्रकाराचं एएच-६. शेवटचा 'एच' हेलिकॉप्टरचा, आधीचा 'ए' हल्ल्याचा, आणि 'एम' अनेक कामांचा. आपल्या सीहॉकच्या नावातलं 'एमएच' हे त्याच पद्धतीतलं. एवढी अक्षरं पुरे.

खाली ढकललेली हवा

हेलिकॉप्टर हवेत थांबतं कसं? वरची पाती हवा खाली ढकलतात आणि त्याच्या बदल्यात यंत्र वर राहतं. यंत्र जितकं जड, तितकी जास्त हवा खाली ढकलावी लागते. लहान हेलिकॉप्टर अंगणाजवळ उतरलं तर सुकत घातलेली आमसुलं उडतील. मोठं उतरलं तर आमसुलांसोबत शेडचे पत्रेही जातील. कोरड्या मुलखात तर धुळीचा असा लोट उठतो की वैमानिकाला स्वतःखालची जमीन दिसेनाशी होते.

दुसरी गोष्ट पात्यांच्या घेराची. लिटल बर्डच्या पात्यांचा घेर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ८.३ मीटर, म्हणजे कदंबाच्या मोठ्या बसच्या लांबीहूनही कमी. आपलं चेतक ११ मीटर, ध्रुव १३.२ मीटर, सीहॉक १६ मीटरांच्या वर. आणि रशियन बनावटीचं एमआय-१७ तब्बल २१ मीटर.

एमआय-१७ मुद्दाम घेतलं. २८ नोव्हेंबर २००८ची सकाळ आठवा. मुंबईत कुलाब्याच्या नरिमन हाउसवर हेलिकॉप्टर घोंघावत होतं आणि एनएसजीचे कमांडो दोरावरून छपरावर उतरत होते. आपण सगळे टीव्हीला डोळे लावून बसलो होतो. ते एमआय-१७ होतं. अशा छपरावर ते टेकणं शक्यच नव्हतं. म्हणून वर घिरट्या घालत थांबायचं आणि एकेक माणूस दोरावरून खाली सोडायचा. तेवढा वेळ हेलिकॉप्टर एका जागी टांगलेलं, आणि त्याचा आवाज अख्ख्या वस्तीला ऐकू येतोय. कमांडोंच्या धाडसाला तोड नाही. मी फक्त यंत्राच्या आकाराबद्दल बोलतोय.

दाटीच्या जागेत मोठ्या हेलिकॉप्टरला आणखी एक धोका असतो. नदीत वल्हं मारायचं तर पाण्यानं थोडा विरोध करायला हवा. भोवऱ्यात वल्हं मारलं तर होडी जागची हलत नाही. तसंच, हेलिकॉप्टरनं खाली ढकललेली हवा उंच भिंतींना आपटून वर आली आणि पुन्हा पात्यांत शिरली, तर पाती स्वतःच्याच भोवऱ्यात वल्हं मारत बसतात आणि यंत्र खाली जातं. २ मे २०११ला अबोटाबादेत, बिन लादेनच्या घराच्या आवारात ब्लॅक हॉक जातीचं हेलिकॉप्टर असंच कोसळलं. सरावासाठी बांधलेल्या नकली आवाराला जाळीचं कुंपण होतं, त्यातून हवा निघून जायची. खऱ्या घराला भक्कम भिंती होत्या. एवढी तयारी करून माणसं एका कुंपणापाशी चुकली.

अंड्याचा जन्म

१९६०च्या सुमारास अमेरिकी लष्कराला टेहळणीसाठी हलकं हेलिकॉप्टर हवं होतं. बऱ्याच कंपन्या शर्यतीत उतरल्या. हॉवर्ड ह्यूजेस या विक्षिप्त अब्जाधीशाच्या कंपनीनं अंड्यासारखं दिसणारं यंत्र बनवलं, ते फेब्रुवारी १९६३मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि इतक्या कमी किमतीची बोली लावली की कंत्राट त्यांनाच मिळालं. कंपनीला त्यात तोटा झाला. पुढच्या खेपेला त्यांनी किंमत वाढवली, तेव्हा कंत्राट बेल कंपनीनं पळवलं. सरकारी टेंडरच्या गोष्टी जगभर सारख्याच.

त्या यंत्राचं लष्करी नाव ओएच-६. रिकामं वजन साधारण ५५७ किलो, म्हणजे आपल्या छोट्या मारुतीपेक्षाही कमी. इंजिन ३१७ अश्वशक्तीचं, म्हणजे पंधरा-सोळा बुलेटच्या ताकदीचं, पण वजन एका मध्यम बांध्याच्या माणसाइतकं. ही जादू टर्बाइन इंजिनाची. पिस्टन खाली-वर करण्याऐवजी त्यात पेटत्या वायूनं चक्र फिरतं, म्हणून थोड्या वजनात बरीच ताकद मिळते.

या घराण्यातला एक जुना चुलत भाऊ इथेच, बोगमाळोच्या वाटेवरच्या नौदल हवाई संग्रहालयात उभा आहे : ह्यूजेस २६९. पिस्टन इंजिनाचं, काडीपैलवान शेपटीचं, शिकाऊंसाठी वापरलेलं. संग्रहालयात गेलेला जो तो भल्यामोठ्या सुपर कॉन्स्टलेशन विमानापुढे फोटो काढतो आणि या बिचाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. पुढच्या वेळी जरा थांबा.

व्हिएतनाम युद्धात ओएच-६ला दिलेलं काम अक्षरशः आमिषाचं होतं. त्यानं झाडांच्या शेंड्यांना घासत उडायचं आणि वर कोब्रा हे हल्ल्याचं हेलिकॉप्टर थांबायचं. खालच्यावर कुणी गोळी झाडली की त्याचा ठावठिकाणा कळला, मग वरचा तुटून पडायचा. साधारण १,४०० ओएच-६ बनली, त्यातली निम्म्याहून जास्त त्या युद्धात गेली. तरी वैमानिकांचा त्यावर जीव, कारण अंड्याचा सांगाडा मजबूत. यंत्र गडगडत जायचं, पण पुष्कळदा आतली माणसं चालत बाहेर यायची. अंडं टोकांकडून दाबून फोडून बघा, म्हणजे कळेल.

वाळवंटातली नाचक्की

आमिषाचं यंत्र कमांडोंचं कसं झालं, याचं उत्तर २४ एप्रिल १९८०च्या रात्रीत आहे. तेहरानमध्ये ओलीस ठेवलेल्या ५३ अमेरिकनांना सोडवायला आठ मोठी हेलिकॉप्टरं 'निमित्झ' या विमानवाहू जहाजावरून निघाली. मोहिमेला किमान सहा धड हवी होती. एकाच्या पात्यात तडा गेल्याची खूण दिसली, एक धुळीच्या वादळातून माघारी फिरलं, एक वाळवंटातल्या ठिकाणी पोचलं ते बिघडूनच. उरली पाच. मोहीम सोडून द्यायची ठरली, आणि परत निघताना एक हेलिकॉप्टर इंधन घेऊन आलेल्या विमानावर आदळलं. आठ जण मेले.

नंतरच्या चौकशीत जे दिसलं ते आपल्या कुठल्याही सार्वजनिक उत्सवात दिसतं. मांडव एकाचा, लायटिंग दुसऱ्याचं, भटजी तिसऱ्यानं बोलावलेला, आणि रंगीत तालीम कुणीच केलेली नाही. इथे हेलिकॉप्टरं नौदलाची, तीही मुळात पाणसुरुंग काढण्याच्या कामाची. वैमानिक बहुतेक मरीन दलाचे. विमानं हवाई दलाची. कमांडो लष्कराचे. सगळ्यांनी मिळून एकत्र असा पूर्ण सराव कधी झालाच नव्हता.

म्हणून अमेरिकेनं विशेष मोहिमांसाठी स्वतंत्र हेलिकॉप्टर दल उभारलं. तेच पुढे १६०वी रेजिमेंट झालं, टोपणनाव 'नाइट स्टॉकर्स'. लहान हेलिकॉप्टर हवं म्हणून शोधाशोध झाली तेव्हा जुनी ओएच-६ राखीव दलाकडे पडून होती. तीच झटकून घेतली, फळ्या लावल्या, बंदुका लावल्या. नवीन विकत घ्यायलाही वेळ नव्हता. पायलटची मोटरसायकल बहुधा सेकंडहँडच असते.

माझ्या मते या गोष्टीतला यंत्रापेक्षा महत्त्वाचा भाग हाच. अंडं तर १९६३पासून होतंच. बदललं ते एवढंच की तेच वैमानिक त्याच कमांडोंसोबत रात्रीमागून रात्री सराव करू लागले. ठरल्या वेळेच्या ३० सेकंद अलीकडे-पलीकडे, त्याहून चूक चालणार नाही, असा त्यांचा दंडक आहे. आपण सव्वासातची फेरीबोट साडेसातला आली तरी तिला वेळेवर म्हणतो.

फळीवर बसण्याचं गणित

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. अंड्यात पुढे दोन वैमानिक बसतात. मागे पोटात जेमतेम जागा, तीही इंधनाच्या आणि इतर सामानाच्या वाट्याला जाते. सहा सशस्त्र माणसं आत कोंबली असती तरी दारातून एकेकानं बाहेर यायला वेळ लागला असता. फळीवर बसलेला माणूस पट्ट्यानं हेलिकॉप्टरला बांधलेला असतो. पाय टेकले, पट्टा सोडला, उठला, संपलं. सहाचे सहा दोन-चार सेकंदांत मोकळे होतात, आणि दोन्ही बाजूंना बंदुका ताणून बसलेले असल्यामुळे येतानाच चहूकडे नजर असते.

शिवाय पाती दुमडली की ही अंडी मालवाहू विमानाच्या पोटात मावतात. विमान धावपट्टीवर थांबलं की बाहेर ढकलायची, पाती उघडायची, आणि काही मिनिटांत उड्डाण.

मूळच्या ओएच-६ला चार पाती होती, आताच्या लिटल बर्डला सहा आहेत. इंजिनही दणकट झालं. बाहेरून तेच अंडं दिसतं, आत बरंच बदललेलं आहे.

आवाज दडवता येतो का?

काही प्रमाणात, हो. हेलिकॉप्टरचा 'फट-फट' आवाज मुख्यतः पात्यांच्या टोकांचा. टोकं जितक्या वेगानं हवा कापतात तितका आवाज जास्त. पाती वाढवली तर तेच वजन उचलायला ती सावकाश फिरवली तरी चालतात. सीलिंग फॅनला रेग्युलेटर एकवर ठेवला की घरातली कुरकुर थांबते, तसंच.

याचा पराकोटीचा प्रयोग सीआयएनं केला. याच ह्यूजेस जातीच्या हेलिकॉप्टरला जास्त पाती बसवली, इंजिनाला आवाज दाबणारं नळकांडं लावलं, शेपटीचा पंखा बदलला. डिसेंबर १९७२मध्ये ते उत्तर व्हिएतनाममध्ये विन्ह शहराजवळ गेलं आणि त्यातल्या माणसांनी टेलिफोनच्या तारेवर चोरून ऐकायचं यंत्र बसवलं. पूर्ण मूक हेलिकॉप्टर मात्र अजून कुणी बनवलेलं नाही. आवाज कमी केल्यानं मिळते ती फक्त उसंत. समोरच्याला 'काहीतरी येतंय' हे कळेपर्यंत ते आलेलं असतं.

रात्रीचं काय? वैमानिक अंधारात बघायचे चश्मे घालतात. पण तो चष्मा म्हणजे दोन नळ्यांतून जग बघणं. आजूबाजूचं दिसत नाही, आणि अंतराचा अंदाज चुकतो. दिव्याशिवाय, असं बघत, विजेच्या तारांखालून-वरून जायचं. म्हणूनच तो सराव.

छपरावर, गल्लीत आणि समुद्रावर

२० डिसेंबर १९८९, पनामा सिटी. कर्ट म्यूज हा अमेरिकन तिथल्या मोदेलो तुरुंगात होता. लिटल बर्ड तुरुंगाच्या छपरावर उतरली, कमांडो खाली गेले, म्यूजला घेऊन वर आले. परत निघताना गच्च भरलेलं हेलिकॉप्टर गोळीबारात खाली आलं, रस्त्यावर टेकलं, वैमानिकानं ते रस्त्यावरूनच गाडीसारखं पुढे नेलं आणि पुन्हा उडायचा प्रयत्न केला. परत पाडलं गेलं. म्यूजसकट सगळे वाचले, पण त्यांना शेवटी चिलखती गाडीनं नेलं. मला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात यंत्राचा मोठेपणा आणि मर्यादा एकाच रात्री दिसते.

३ ऑक्टोबर १९९३, सोमालियातलं मोगादिशू. ब्लॅक हॉक कोसळलं तिथे एक लिटल बर्ड गल्लीत उतरली. भिंतींपासून पात्यांना जेमतेम वाव. एक वैमानिक उतरून जखमींना ओढत आणायला गेला. दुसऱ्यानं एका हातानं हेलिकॉप्टर सांभाळलं आणि दुसऱ्या हातानं बंदूक चालवली. ब्लॅक हॉक त्या गल्लीत घुसलंच नसतं.

तिसरी घटना आपल्या तारवट्यांना, म्हणजे बोटीवरच्या खलाशांना, जवळची वाटेल. १९८०च्या दशकात इराण-इराक युद्धामुळे आखातात तेलवाहू जहाजांवर हल्ले होत होते. जहाजांवर काम करणाऱ्या आपल्या माणसांसाठी गोव्यातल्या किती घरांत तेव्हा नवस बोलले गेले असतील! २१ सप्टेंबर १९८७च्या रात्री युद्धनौकेवरून उडालेल्या लिटल बर्डनी 'इराण अज्र' हे जहाज अंधारात पाणसुरुंग टाकताना रंगेहाथ पकडलं आणि त्यावर हल्ला केला. गल्ल्यांसाठीचं यंत्र समुद्रातही उपयोगी पडलं, कारण ते छोट्या युद्धनौकेच्या डेकवर मावतं आणि पाण्याला चिकटून जातं.

'पण गोळी लागली तर?'

लागते. काच पातळ, पत्रा पातळ, फळीवरच्या माणसाला तर आडोसाच नाही. चिलखत चढवलं की वजन वाढलं, वजन वाढलं की इंजिन मोठं, पाती मोठी, आणि झालं मोठं हेलिकॉप्टर. पायलटच्या मोटरसायकलला छप्पर आणि चार चाकं लावली की ती रिक्षाही राहत नाही. म्हणून या हेलिकॉप्टरचं संरक्षण बाहेरच्या गोष्टींवर उभं आहे : अंधार, वेग, खालून उडणं, आणि सोबतीला बंदुकावाली एएच-६. यातलं एक जरी निसटलं तरी माणसं उघडी पडतात.

'एकच इंजिन, ते बंद पडलं तर?'

लोकांना वाटतं तसं हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. खाली येताना खालून येणारी हवाच पात्यांना फिरवत ठेवते, जत्रेतली भिंगरी घेऊन धावल्यावर फिरते तशी. वैमानिक तो साठलेला वेग शेवटच्या क्षणी वापरून हळू टेकतो. हलक्या हेलिकॉप्टरचे वैमानिक याचा भरपूर सराव करतात. अट एवढीच की त्यासाठी उंची किंवा वेग हाताशी हवा, आणि लिटल बर्ड नेमकी खालून उडते.

'ड्रोनच्या जमान्यात हे कशाला?'

रास्त शंका. टेहळणीचं जुनं काम ड्रोननं बऱ्याच अंशी काढून घेतलंच आहे. अमेरिकी लष्करानं हल्ला आणि टेहळणीसाठीच्या नव्या हेलिकॉप्टरचा प्रकल्प फेब्रुवारी २०२४मध्ये गुंडाळला, तेव्हा युक्रेनमधल्या युद्धाचा आणि ड्रोनचा दाखला दिला. त्याच प्रकल्पातून लिटल बर्डला वारसदार मिळेल अशी आशा होती, तीही गेली. गंमत म्हणजे बोइंगनं बिनवैमानिकाची लिटल बर्डही २००६मध्येच उडवून दाखवली आहे.

पण ड्रोन कुणाला छपरावर सोडून परत आणत नाही. तुरुंगातून माणूस बाहेर काढायचा असेल तर कुणीतरी आत जावं लागतं. म्हणून साठ वर्षांपूर्वीचं अंडं अजून उडतंय. त्याची भावंडंही जगभर पसरली आहेत. उत्तर कोरियानं तर १९८०च्या दशकात ह्यूजेसची नागरी हेलिकॉप्टरं निर्बंध चुकवून, दलालांमार्फत मिळवली. २०१३च्या संचलनात ती उघडपणे उडवली. शेजारच्या दक्षिण कोरियाकडे तशीच होती, त्यामुळे आपलं कुठलं आणि शत्रूचं कुठलं, हा घोळ व्हावा असाही त्यांचा हेतू मानला जातो.

'मग आपल्याकडे का नाहीत?'

कारण आपली गल्ली वेगळी आहे. आपल्या हलक्या हेलिकॉप्टरांना सियाचीनसारख्या उंचीवर जावं लागतं. तिथे हवा विरळ, म्हणून चीता आणि आता हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं एलयूएच (पहिलं उड्डाण सप्टेंबर २०१६) ही यंत्रं उंचीचा विचार करून आखलेली. नौदलाला तर खुल्या समुद्रावर शक्यतो दोन इंजिनांचा भरवसा हवा असतो. समुद्रात एकच इंजिन बंद पडलं तर टेकायचं कुठे?

आणि आपले नौदल कमांडो, मार्कोस, ज्या कामाला जातात ते बहुधा किनाऱ्यापासून फार दूर असतं. जानेवारी २०२४मध्ये 'लीला नॉरफोक' हे अपहृत जहाज त्यांनी सोडवलं, २१ खलाशी सुखरूप निघाले. दोन महिन्यांनी 'रुएन' जहाजासाठी तर काही कमांडो हवाई दलाच्या सी-१७ विमानातून बोटींसह समुद्रात सोडले होते. एवढ्या अंतरावर फळीवर बसून जाण्यात अर्थ नाही. तिथे कदंबाच लागते.

शहरी कारवायांचं मात्र वेगळं आहे. नरिमन हाउससारखी वेळ पुन्हा आली तर छपरावर टेकू शकणारं लहान हेलिकॉप्टर हाताशी असावं, असं मला वाटतं. पण नुसतं विकत घेऊन भागणार नाही. त्याच्यासोबत तेच वैमानिक, तेच कमांडो, आणि वर्षानुवर्षांच्या रात्री लागतील. तो खर्च यंत्राच्या किमतीहून मोठा, आणि तो दिसत नाही, म्हणून मंजूर करून घेणंही कठीण.

हे सगळं भाच्याला सांगत असतानाच घरावरून सीहॉक गेलं. खिडक्यांची तावदानं थरथरली. तो पळत सोप्यावर गेला, मान वर करून नीट बघून आला.

"दार बंद होतं," तो म्हणाला. "ह्यांना आत जागा आहे."